सर्ज, स्पाइक आणि ‘व्होल्टेज जास्त आले’: घरातील उपकरणे नेमकी कशापासून वाचवायची?

टीव्ही, वॉशिंग मशीन किंवा वाय-फायचा राउटर अचानक बंद पडला की ‘व्होल्टेज जास्त आले’ हे एकच कारण सांगितले जाते. या एका वाक्यामागे प्रत्यक्षात दोन निराळ्या घटना असतात. एका घटनेत विद्युत दाब काही हजार व्होल्टपर्यंत चढतो आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत ओसरतोही. दुसऱ्या घटनेत दाब फार तर दीडपट-पावणेदोनपट होतो, पण मिनिटेच्या मिनिटे, कधी तासभर तसाच राहतो. पहिलीला सर्ज किंवा स्पाइक म्हणतात आणि सर्ज प्रोटेक्टर तिच्यासाठीच बनवलेला असतो. दुसरीपुढे तो टिकत नाही, उलट स्वतःच जळण्याचा धोका असतो. उपकरणांच्या रक्षणासाठी केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो तो या दोन घटनांत गल्लत झाल्यामुळे, म्हणून दोन्हींचा विचार वेगवेगळा करायला हवा.

आधी नेहमीची स्थिती पाहू. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 230 हा आकडा एक प्रकारची सरासरी असतो. प्रत्यक्ष दाब प्रत्येक आवर्तनात शून्यापासून सुमारे 325 व्होल्टच्या शिखरापर्यंत जाऊन परततो, पुन्हा उलट्या दिशेने तितकाच जातो, आणि 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात हे सेकंदाला 50 वेळा घडते. 120 व्होल्टच्या पुरवठ्यात हे शिखर सुमारे 170 व्होल्टचे असते. उपकरणाचा निर्माता या शिखराच्या वर काही राखीव अंतर ठेवतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर सॉकेटला जोडायच्या सर्वसाधारण घरगुती उपकरणाचे इन्सुलेशन 2,500 व्होल्टचा क्षणिक झटका सोसू शकेल, असे आंतरराष्ट्रीय मानकांत गृहीत धरलेले आहे. मेन बोर्डावरील स्विचगिअरसाठी, म्हणजे प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या साधनांसाठी, हाच आकडा 4,000 व्होल्ट आणि मीटरच्या बाजूला 6,000 व्होल्ट आहे. रस्त्याकडून घरात येताना झटका टप्प्याटप्प्याने कमी होत जावा, अशी त्यामागची योजना आहे. संरक्षणाचे सारे काम या 2,500 च्या आकड्याशी बांधलेले आहे, आणि आतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांचा विचार केला तर झटका त्याच्याही बराच खाली आणणे इष्ट ठरते.

हे झटके येतात कुठून? सर्वांत ठळक उगम म्हणजे आकाशातील वीज. तिच्या एका लोळात साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. घरावर थेट वीज पडणे ही विरळा घटना आहे. पण वीज काही अंतरावर पडली तरी तिच्याभोवती वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि परिसरातील प्रत्येक लांब तारेत दाब निर्माण करते, मग ती तार वीजपुरवठ्याची असो, केबल टीव्हीची असो किंवा छतावरून ओढलेली नेटवर्कची असो. दुसरा उगम म्हणजे स्विचिंग. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला की वेटोळ्यात साठलेली ऊर्जा उसळी मारून बाहेर पडते. पुरवठा कंपनीच्या जाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर घडते, आणि घरातही फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप बंद होताना त्याची छोटी आवृत्ती पाहायला मिळते. हे घरगुती झटके सहसा एका फटक्यात काही मारत नाहीत, मात्र सुटे भाग हळूहळू झिजवतात.

जुनी उपकरणे असे झटके सोसत, नवी पटकन जातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये एक मोटर, एक थर्मोस्टॅट आणि एक रिले असे. तांब्याच्या जाड वेटोळ्याला दहा-वीस मायक्रोसेकंदांच्या झटक्याचे फारसे काही वाटत नाही. आजच्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये, एसीमध्ये, अगदी पंख्यातही एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. ते येणारा, दिशा बदलत राहणारा दाब आधी सुमारे 325 व्होल्टच्या एकाच दिशेच्या दाबात (डीसी) बदलते, कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात साठवते आणि मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या अर्धवाहकांतून पुढे पाठवते. तो कपॅसिटर बहुधा 400 किंवा 450 व्होल्टसाठी बनवलेला असतो, म्हणजे राखीव अंतर फार नाही. बहुतेक कार्डांच्या तोंडाशी एक फ्यूज आणि निळी किंवा लाल चकती बसवलेली असते. ती चकती म्हणजे उपकरणाचा स्वतःचा छोटा सर्ज प्रोटेक्टर होय.

ही चकती काय करते

तिचे नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, बोलण्यात ‘एमओव्ही’. झिंक ऑक्साइडचे बारीक कण इतर काही धातूंच्या ऑक्साइडांसोबत भाजून ती तयार करतात. कण स्वतः वीज वाहून नेतात, पण दोन कणांच्या सीमेवर प्रवाहाला अडथळा असतो आणि सीमेवरचा दाब साधारण 3 व्होल्टच्या पुढे गेला की तो अडथळा कोसळतो. चकतीच्या जाडीत अशा किती सीमा एकापुढे एक येतात, त्यावरून ती किती व्होल्टला वाहू लागेल हे ठरते. त्यामुळे नेहमीच्या दाबाला चकतीतून जवळपास काहीच प्रवाह जात नाही, आणि मर्यादा ओलांडताच तीच चकती हजारो अँपिअर वाहून नेऊ लागते. दाब उतरला की सीमा पुन्हा पूर्ववत होतात.

चकती उपकरणाच्या वाटेत आडवी बसलेली नसते, ती उपकरणाला समांतर, फेज (दाब आणणारी तार) आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) यांच्या किंवा फेज आणि अर्थिंग (जमिनीशी जोडलेली तार) यांच्या मधे जोडलेली असते. धरणाचा सांडवा पाणी अडवण्यासाठी नसतो, ठरलेल्या पातळीवरचे पाणी बाजूने काढून देण्यासाठी असतो, तसेच हिचे काम आहे. सर्ज प्रोटेक्टर झटका गिळून टाकतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. त्यातील थोडी ऊर्जा चकतीत उष्णतेच्या रूपाने जिरते, पण मुख्य प्रवाहाला दुसरी वाट लागतेच, आणि ती वाट चांगली नसेल तर उत्तम चकतीही निरुपयोगी ठरते. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे.

चकती झिजते, हा तिचा मोठा दोष. प्रत्येक मोठ्या झटक्यात काही सीमा कायमच्या निकामी होतात, त्यामुळे तिची मर्यादा हळूहळू खाली सरकते आणि अखेरीस ती नेहमीच्या दाबालाही थोडी थोडी वाहू लागते. मग ती तापते, तापली की अधिक वाहते, आणि वेळीच तुटली नाही तर पेट घेऊ शकते. म्हणून चांगल्या प्रोटेक्टरमध्ये चकतीला चिकटून उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो आणि चकती कामातून गेली की दिवा विझतो किंवा हिरव्या खिडकीत लाल रंग दिसतो. इथे एक खाच आहे. अनेक एक्स्टेंशन बोर्डांमध्ये संरक्षण संपले तरी सॉकेट चालूच राहतात. टीव्ही चालतो, चार्जर चालतो, आणि बोर्डाला जोडले आहे म्हणजे सुरक्षित आहे असे समजून माणूस निर्धास्त राहतो. ज्या बोर्डावर संरक्षणाचा वेगळा दिवाच नाही, तो पाच-सात वर्षे जुना झाला की त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रोटेक्टरच्या खोक्यावरील आकडे वाचताना ज्यूलच्या (ऊर्जेचे एकक) आकड्याला जाहिरातीत जितके महत्त्व दिले जाते तितके देऊ नये. तो चकतीच्या सहनशक्तीचा ढोबळ अंदाज आहे. चकत्या वाढवल्या की तो वाढतो आणि आयुष्यही वाढते, पण झटका कितीवर रोखला जाईल हे त्यातून कळत नाही. ते सांगणारा आकडा म्हणजे संरक्षण पातळी, म्हणजे प्रोटेक्टर काम करत असताना उपकरणापर्यंत पोहोचणारा दाब. मेन बोर्डावर बसवायच्या साधनावर तो ‘यूपी’ या चिन्हाने छापलेला असतो. 230 व्होल्टच्या घरासाठी तो 1,500 व्होल्ट किंवा कमी असावा. त्याच्या शेजारचा ‘यूसी’ हा आकडा साधन कायम किती दाब सोसेल ते सांगतो. तो कमी असला तर संरक्षण पातळी चांगली दिसते, पण पुरवठा जरा चढा राहिला की चकती विनाकारण तापते. ज्या भागात दाब वारंवार वर जातो तिथे 275 व्होल्टपेक्षा 320 व्होल्टचे साधन निवडणे शहाणपणाचे ठरते. ‘एका नॅनोसेकंदात काम करते’ या दाव्याकडे मात्र दुर्लक्ष केलेले बरे, कारण चकती पुरेशी वेगवान असतेच आणि उशीर होतो तो तिला जोडणाऱ्या तारांमुळे.

तारेची लांबी आणि अर्थिंग

अडीच चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध 0.007 ओहम इतका कमी असतो. तिच्यातून 5,000 अँपिअर स्थिरपणे गेले तरी तिच्या दोन टोकांत 35 व्होल्टचाच फरक पडेल. पण सर्जचा प्रवाह स्थिर नसतो, तो काही मायक्रोसेकंदांत शून्यापासून शिखरावर जातो. बदलत्या प्रवाहाला प्रत्येक तार तिच्या इंडक्टन्समुळे विरोध करते आणि साध्या तारेत हा इंडक्टन्स मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असतो. 5,000 अँपिअर 8 मायक्रोसेकंदांत चढले तर त्याच एक मीटर तारेत 600 व्होल्टहून अधिक दाब पडतो. म्हणजे मेन बोर्डावर 1,500 व्होल्टला रोखणारे साधन बसवले आणि ते एक मीटर तारेने जोडले, तर घराच्या वायरिंगवर प्रत्यक्षात 2,100 व्होल्ट जातील. म्हणूनच साधनाच्या दोन्ही बाजूंच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात असा नियम आहे. इलेक्ट्रिशियन तारा व्यवस्थित दिसाव्यात म्हणून बोर्डाच्या कडेकडेने वळणे देऊन नेतो. इथे ती टापटीप नडते, तार आखूड आणि सरळच हवी.

अर्थिंगशिवाय प्रोटेक्टर बसवणे म्हणजे त्याचे अर्धे काम काढून घेणे होय. फेज आणि न्यूट्रलमधली चकती तेव्हाही काम करील, पण ढगातल्या विजेचे झटके बहुधा फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवर एकाच वेळी, जमिनीच्या तुलनेत चढतात आणि त्यांना जमिनीकडे जायला वाटच उरत नाही. तीन पिनांच्या प्लगवर दोन पिनांचा अडॅप्टर लावला की नेमके हेच होते. म्हणून प्रोटेक्टर विकत घेण्याआधी सॉकेटच्या तिसऱ्या पिनेपर्यंत अर्थिंग खरोखर पोहोचते का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. क्रम उलटा झाला तर पैसे वाया जातात.

अर्थिंगचा आणखी एक, सहज लक्षात न येणारा पैलू आहे. जमिनीत मोठा प्रवाह शिरला की त्या ठिकाणच्या जमिनीचाच दाब काही काळ वाढतो. घरातील साऱ्या तारा आणि साधने एकाच अर्थिंगला बांधलेली असतील तर सर्वांचा दाब एकत्र वर जातो आणि त्यांच्यात फरक पडत नाही. नुकसान होते ते फरकामुळे. समजा, टीव्हीची वीज घरच्या अर्थिंगशी जोडलेली आहे आणि डिशची केबल छतावरच्या लोखंडी खांबामार्फत वेगळीकडे जमिनीत गेली आहे. वीज जवळ पडली की या दोन जमिनींत हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो फरक टीव्हीच्या आतून स्वतःला मिटवतो. वीजपुरवठ्याच्या बाजूला महागडा प्रोटेक्टर असूनही सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट हेच आधी का जातात, याचे उत्तर इथे आहे. उपाय असा की वीज, केबल आणि टेलिफोन यांच्या तारा शक्यतो एकाच ठिकाणाहून घरात आणाव्यात, त्यांची अर्थिंग एकमेकांना जोडलेली असावी, आणि एका उपकरणाला जाणाऱ्या सर्व तारांना संरक्षण द्यावे. केवळ विजेच्या तारेला दिलेले संरक्षण पुरत नाही. धातूचा अंश नसलेल्या ऑप्टिकल फायबरमधून मात्र सर्ज येऊ शकत नाही, आणि दोन इमारतींमध्ये नेटवर्क न्यायचे असेल तर तांब्याच्या केबलऐवजी तीच वापरावी.

प्रोटेक्टर किती ठिकाणी लावावेत? मानकांत त्यांचे तीन प्रकार केलेले आहेत. टाइप 1 थेट विजेचा प्रवाह सोसण्यासाठी असतो आणि तडितरक्षक असलेल्या इमारतीत तो पुरवठ्याच्या तोंडाशी लागतो. (तडितरक्षक इमारत वाचवतो, तिच्यातील इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. किंबहुना तो असला की आतल्या संरक्षणाची गरज वाढते.) टाइप 2 घराच्या मेन बोर्डावर, टाइप 3 उपकरणाजवळ, म्हणजे सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्डाच्या रूपात. एकच घ्यायचा असेल तर मेन बोर्डावरचा टाइप 2 घ्यावा, कारण तो घरातील सगळ्या सर्किटांना लागू पडतो आणि अर्थिंगच्या सर्वांत जवळ असतो. उपकरण त्या बोर्डापासून तारेच्या मापाने दहा मीटरहून लांब असेल तर वायरिंगच्या टोकाशी दाब पुन्हा उसळून संरक्षण पातळीच्या जवळपास दुप्पट होऊ शकतो. अशा उपकरणापाशी टाइप 3 लावणे योग्य ठरते.

दीर्घकाळ टिकणारा जादा दाब

आता दुसऱ्या घटनेकडे वळू. 230 व्होल्टच्या व्यवस्थेत रस्त्यावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले 230 व्होल्ट मिळतात, आणि दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात. कुठेतरी न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर निरनिराळ्या फेजवरची घरे एकमेकांना साखळीने जोडल्यासारखी होतात आणि 400 व्होल्ट त्यांच्यात विभागले जातात. ही विभागणी समान नसते. एका घरात 2,000 वॉटचा हीटर चालू आहे आणि दुसऱ्यात 200 वॉटचे दिवे, असे धरले तर हीटरच्या घरात जेमतेम 36 व्होल्ट उरतात आणि दिव्यांच्या घरात सुमारे 364 व्होल्ट जातात. कमी वीज वापरणाऱ्याचेच नुकसान अधिक, असा हा विचित्र न्याय आहे. 120 व्होल्टच्या दुहेरी पुरवठ्यातही न्यूट्रल तुटला की एका बाजूचा दाब 240 च्या दिशेने चढतो.

364 व्होल्टचे शिखर 515 व्होल्टच्या आसपास जाते. वर सांगितलेला 400-450 व्होल्टचा कपॅसिटर त्यात फुटतो, आणि सर्ज प्रोटेक्टरची चकती प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वाहू लागून थोड्याच वेळात जळते. क्षणिक झटक्याची ऊर्जा बेताची असते. इथे मागे पुरवठ्याची संपूर्ण ताकद उभी असते आणि ती कुणीही ‘वळवून’ संपवू शकत नाही. उपाय एकच, घर पुरवठ्यापासून तोडणे. हे काम ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले करतो. तो दाब सतत मोजतो, ठरवलेली मर्यादा (बहुधा 270 व्होल्टच्या आसपास) ओलांडली की पुरवठा तोडतो आणि दाब सावरल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडतो. ही शेवटची विश्रांती फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरलाही मानवते. हा रिले मायक्रोसेकंदांचा झटका पकडू शकत नाही आणि सर्ज प्रोटेक्टर मिनिटांचा जादा दाब सोसू शकत नाही, म्हणून दोघेही लागतात. माझ्या मते, जिथे ओव्हरहेड तारा जुन्या आहेत आणि न्यूट्रलच्या तक्रारी होत असतात, तिथे आधी रिले बसवावा.

न्यूट्रल गेल्याची खूण ओळखून ठेवावी: काही दिवे एकदम प्रखर होतात किंवा पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागतो, आणि शेजारच्या घरात मात्र दिवे मंद झालेले असतात. असे दिसले की एकेक बटण बंद करत बसू नये, सरळ मेन स्विच बंद करावा आणि पुरवठा कंपनीला कळवावे.

ज्यांच्यावर नको तितका भरवसा ठेवला जातो अशी काही साधनेही आहेत. एमसीबी जादा प्रवाहाला तोडतो, पण त्याला काही मिलिसेकंद लागतात आणि तोवर सर्ज येऊन गेलेला असतो. आरसीसीबी गळती होणारा प्रवाह ओळखून माणसाचा जीव वाचवतो, उपकरणाचा नव्हे. स्टॅबिलायझर हळूहळू चढणारा-उतरणारा दाब सावरतो. सर्जच्या दृष्टीने तो फार मंद असतो, आणि त्याच्या पोटात चकती घातलेली असली तर तेवढेच संरक्षण मिळते. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा साधा यूपीएस, पुरवठा चालू असताना तो जवळजवळ तसाच पुढे पाठवतो.

सर्वांत खात्रीचा उपाय विनाखर्चाचा आहे: वादळ येण्यापूर्वी प्लग काढून ठेवणे, आणि त्याबरोबर केबल व नेटवर्कची तारही. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. एक तर ते बहुधा फेजच तोडते आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि दुसरे म्हणजे त्याच्या आतील फट काही मिलिमीटरचीच असते, जी मोठा झटका हवेतून ओलांडू शकतो. काढलेला प्लग सॉकेटपासून हातभर दूर ठेवला की हा प्रश्न मिटतो. गडगडाट सुरू झाल्यानंतर मात्र प्लग काढायला धावू नये, त्या वेळी तारांना हात न लावणेच सुरक्षित असते.

जवळपास वीज पडून गेल्यावर, उपकरणे सगळी चालू असली तरीही, मेन बोर्डावरील प्रोटेक्टरची खिडकी आणि प्रत्येक एक्स्टेंशन बोर्डाचा दिवा पाहून घ्यावा. खिडकी लाल झाली असेल तर बहुतेक साधनांत आतील कार्ट्रिज तेवढी बदलता येते. जळका वास येणारा किंवा प्लास्टिक तपकिरी पडलेला बोर्ड दुरुस्त न करता काढून टाकावा.